आईचा गुडघा, फोनचा कॅमेरा आणि ९२ टक्के

निशिगंध
शनिवार, रात्री १०.१५

धागा जरा लांबणारे, पण सविस्तर सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितेय. आईचं डाव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट होऊन सहा आठवडे झाले. वय ६७, सध्या आमच्याकडे कर्वेनगरलाच आहे. फिजिओ ताई मंगळवारी आणि शुक्रवारी घरी येतात, आणि मधल्या दिवसांसाठी नवऱ्याने फोनवर एक ॲप टाकून दिलं. फोन समोर उभा करायचा, मग ते कॅमेऱ्यातून बघून माणसाच्या अंगावर ठिपके आणि रेषा काढतं, व्यायाम मोजतं आणि शेवटी टक्के देतं. आईला फार आवडलं ते, एकटीने करायचा कंटाळा यायचा ना, आता कुणीतरी "छान, अजून दोन" म्हणतंय तर दहाच्या जागी बारा करते.

तर खुर्चीवरून उठायचा-बसायचा व्यायाम आहे. ॲप गेले आठ दिवस ८८, ९०, ९२ असं देतंय. काल आईने मोठ्या कौतुकाने ताईंना दाखवलं. ताई म्हणाल्या काकू, एकदा उठून दाखवा बरं. आई उठली. ताई लगेच म्हणाल्या, "सगळं काम उजवा पाय करतोय काकू, डावा नुसता सोबतीला आलाय." आणि त्यांनी सांगितल्यावर मलाही दिसलं की डावं पाऊल उजव्याच्या वीतभर पुढे आहे आणि उठताना आई कमरेतून उजवीकडे कलतेय. आठ दिवस मी शेजारी उभी राहून तेच बघत होते आणि मला एकदाही दिसलं नाही याचं फार वाईट वाटतंय. आई रात्री नीट जेवली पण नाही.

मला विचारायचंय की हे ॲप नक्की बघतं काय? ९२ कशाचे देतं? बंद करून टाकू का? आणि कुणी घरी वापरलं असेल तर अनुभव सांगा प्लीज.

पर्वतीवाट
शनिवार, रात्री १०.५०

आईंना सांगा वाईट वाटून घेऊ नका. सहा आठवड्यांत विनाआधार खुर्चीवरून उठतायत हे चांगलंच आहे. माझ्या सासूबाईंचं दोन वर्षांपूर्वी झालं तेव्हा आम्ही असलं काही वापरलं नव्हतं, फिजिओने कपाटाचा आरसा समोर ठेवायला सांगितला होता. वाचतेय, धाग्यावर लक्ष आहे.

कोडवाला
शनिवार, रात्री ११.३०

ताई, आधी एक सांगा, फोन नेमका कुठे ठेवता? समोर, डावीकडे की उजवीकडे? यावर बरंच अवलंबून आहे.

निशिगंध
रविवार, सकाळी ७.४०

उजवीकडे. डाव्या बाजूला पलंग आणि भिंत आहे, फोनला जागाच नाही. शिवाय चार्जरचा प्लग पण उजवीकडे. टीपॉयवर डब्याला टेकवून ठेवतो. ॲपमध्ये "बाजूने उभे राहा" एवढंच सांगतात, कुठल्या बाजूने ते नाही सांगत.

कोडवाला
रविवार, सकाळी ९.०५

मला वाटतं घोळ इथेच आहे. उजवीकडून बघताना कॅमेऱ्याला उजवा पाय पूर्ण दिसतो आणि डावा त्याच्यामागे झाकला जातो. ॲपच्या आतली मॉडेल्स, म्हणजे चित्रातून सांधे ओळखणारे प्रोग्रॅम, झाकलेला पाय सोडून देत नाहीत, त्याच्याही जागेचा अंदाज लावून ठिपका ठेवतात. आईंचा जो पाय तपासायचाय त्याचा अंदाजच चाललाय आणि ऑपरेशन न झालेल्या पायाला मार्क मिळतायत.

जरा मागून सांगतो म्हणजे कळेल. मी २०१४-१५ ला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी किनेक्टवर हाच प्रोजेक्ट केला होता, खांद्याच्या व्यायामाचा. किनेक्ट म्हणजे मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये एक्सबॉक्सच्या खेळांसाठी काढलेला कॅमेरा, तो इन्फ्रारेडचे बारीक ठिपके समोर टाकून कुठली गोष्ट किती लांब आहे ते मोजायचा आणि माणसाचे २० सांधे काढून द्यायचा, नंतरच्या मॉडेलमध्ये २५ झाले. त्याआधी हे काम फक्त गेट लॅबमध्ये, म्हणजे माणसाची चाल मोजायच्या प्रयोगशाळेत व्हायचं, अंगावर चमकणारे गोळे चिकटवून चारी बाजूंनी आठ-दहा इन्फ्रारेड कॅमेरे लावायचे, व्हायकॉन वगैरे सिस्टीम, घरी आणायचा प्रश्नच नाही. किनेक्ट स्वस्त होता म्हणून जगभर रिहॅबवाले त्याच्यामागे लागले. मग २०१७ च्या सुमारास कार्नेगी मेलनचं ओपनपोज आलं, त्याला अंतर मोजणारा कॅमेरा लागतच नाही, साधा व्हिडिओ पुरतो. २०२० मध्ये गूगलने ब्लेझपोज आणलं जे चक्क फोनवर चालतं आणि अंगावर ३३ बिंदू ठेवतं. तुमच्या ॲपमध्ये यातलंच किंवा याच्यासारखं काहीतरी असणार.

पुढचं गणित सोपं आहे. कंबर, गुडघा, घोटा असे तीन बिंदू घेतले की गुडघ्यातला कोन निघतो, दहावीच्या भूमितीएवढंच. सेकंदाला ३० वेळा तो कोन काढायचा, त्याचा आलेख करायचा आणि तो नमुन्याच्या आलेखाशी जुळवायचा. गूगलच्या मॉडेलमध्ये प्रत्येक बिंदूबरोबर तो किती दिसतोय याचा ० ते १ मधला आकडाही येतो. ॲप करणाऱ्यांनी तो नीट वापरला असता तर "डावा पाय दिसत नाहीये, फोन हलवा" असं आईंना सांगता आलं असतं. मला याचा खरंच राग येतो, कारण ही चार ओळींची गोष्ट आहे.

निशिगंध
रविवार, सकाळी ९.२०

अरे देवा. म्हणजे आठ दिवस उजव्या पायाचे मार्क बघून आम्ही खूश होत होतो. आज दुपारी पलंग सरकवून बघते.

पेठकर
रविवार, दुपारी १.१०

आमच्याकडे थोडं वेगळं झालं पण मूळ तेच. वडिलांना गेल्या वर्षी स्ट्रोक, उजवा हात गेला होता, आता बराच आलाय. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर एक प्रोग्रॅम चालवायचो, स्क्रीनवर फळ दिसतं आणि हात पुढे करून त्याला लावायचा. बाबा पटापट लावायचे, स्कोअर चढत होता. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे नेलं तर त्या बाई म्हणाल्या, हात कोपरातून उघडतच नाहीये, हे सगळं अंग पुढे टाकून पोचतायत. त्यांनी माझ्या बहिणीची ओढणी घेऊन बाबांची छाती खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधली आणि पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. कालपर्यंत ३० फळं तोडणारा माणूस, ग्लास चार बोटं लांब राहिला. बाबांच्या डोळ्यात पाणी आलं आणि माझ्याही. पण खरी सुधारणा तिथून पुढे झाली हेही सांगतो. महिनाभर ओढणी बांधूनच प्रॅक्टिस केली, आता ग्लास उचलून तोंडापर्यंत नेतात, थोडं सांडतं.

उंबरठा
रविवार, दुपारी ३.४५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सिंहगड रोडला १८ वर्षं प्रॅक्टिस करतेय. पेठकर, तुम्ही लिहिलंय त्याला आम्ही ट्रिक मुव्हमेंट किंवा कॉम्पेन्सेशन म्हणतो. शरीर कामचुकार नसतं हो, त्याला फक्त काम उरकायचं असतं. उठायचंय ना, मग ज्या पायात जोर आहे त्याने उठायचं. फ्रोझन शोल्डरवाले हात वर करताना खांदा कानाकडे उचलतात, स्ट्रोकवाले धड पुढे टाकतात, गुडघेवाले वजन चांगल्या पायावर नेतात. पेशंटला स्वतःला हे कळत नाही, कारण मेंदूने त्याच्याही नकळत तोडगा काढलेला असतो. म्हणून निशिगंध, तुझ्या आईची काही चूक नाही आणि तुझीही नाही. मला पहिली चार वर्षं दिसायचं नाही.

स्ट्रोकसाठी आम्ही फुगल-मायर ही तपासणी वापरतो, १९७५ ची आहे, हाताचे ६६ मार्क असतात. प्रत्येक हालचालीला ०, १ किंवा २, म्हणजे जमलं नाही, थोडं जमलं, पूर्ण जमलं. आणि ते देताना आम्ही हात पोचला का एवढंच बघत नाही, कसा पोचला तेही बघतो, खांदा उचलला का, कोपर वाकलं का. हे "कसा" कॅमेऱ्याला शिकवता येतं, पण शिकवायला लागतं. फक्त फळाला हात लागला का हे विचारलं तर तो त्याचंच उत्तर देणार.

आता गुडघ्याचं. निशिगंध, ॲपमध्ये कोन दिसत असेल तर एक लक्षात ठेव. त्यांच्या गणितात पाय सरळ म्हणजे १८०, आमच्यात सरळ म्हणजे ०. ॲप ८५ दाखवत असेल तर आम्ही ९५ वाकला असं म्हणतो. पुष्कळ जण यावरून घाबरून फोन करतात की कालचे ९५ आज ८५ कसे झाले. काही ॲप स्वतःच वजा करून दाखवतात, तर आधी पाय सरळ ठेवून कुठला आकडा येतो ते बघून घे.

वाकण्याचे आकडे कशासाठी लागतात तेही सांगते, कारण पेशंट आकड्याच्या मागे लागतात आणि कशासाठी ते विसरतात. साधं चालताना गुडघा ६०-६५ पर्यंत वाकतो. जिन्याला ८० ते १००. बेताच्या उंचीच्या खुर्चीतून उठायला ९० च्या पुढे. आणि वाकण्याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे पाय पूर्ण सरळ होणं. शेवटचे पाच अंश राहिले तर माणूस लंगडत राहू शकतो. आणि नेमकी इथेच कॅमेऱ्याची चूक पाच-सहा अंशांची सहज असते. आमच्या हातातल्या गोनिओमीटरला, म्हणजे कोन मोजायच्या पट्टीलाही, पाच अंशांचं इकडेतिकडे धरतातच, दोन फिजिओंनी मोजलं तर दोन आकडे येतात, पण मी मांडीचं वरचं हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याचं हाड बोटाने चाचपून मग पट्टी लावते. कॅमेऱ्याला हाड चाचपता येत नाही, तो कपड्यावरून ठरवतो.

निशिगंध
रविवार, रात्री ९.३०

पलंग सरकवला! फोन डाव्या बाजूला, खुर्चीपासून सहा-सात फुटांवर, सीटच्या उंचीला. तोच व्यायाम, तीच आई, ९२ चे ६१ झाले. आई म्हणाली बंद कर ते. मग मी तिला कोडवाला यांचा सकाळचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा जरा शांत झाली.

कपड्यांचं उंबरठा ताईंनी लिहिलंय ते पण करून बघितलं. आई गाऊन घालते. पलंगावर टाच सरकवायच्या व्यायामात गाऊनवर ॲप १०४ म्हणतं आणि माझी थ्री-फोर्थ घातली तर ९९. गाऊनमध्ये गुडघ्याचा ठिपका सारखा थरथरत होता, कधी मांडीवर तर कधी पोटरीवर.

पर्वतीवाट
रविवार, रात्री १०.०५

मग नऊवारीत तर काय होत असेल. माझ्या आजेसासूबाई शेवटपर्यंत नऊवारीच नेसायच्या. आपल्याकडच्या बायकांसाठी हे करणाऱ्यांनी साडीचा विचार करायलाच हवा, सत्तरीच्या बाईला व्यायामासाठी पँट घाल म्हणणं सोपं नसतं.

कोडवाला
रविवार, रात्री १०.४०

पर्वतीवाट, एकदम बरोबर मुद्दा आणि तो नुसत्या कपड्यांपुरता नाही. मॉडेल ज्यांच्यावर शिकतं त्यांच्यासारख्यांनाच ओळखतं. या विषयातले डेटासेट, म्हणजे मॉडेलला शिकवायला गोळा केलेले नमुने बघा. आयडाहो युनिव्हर्सिटीचा यूआय-पीआरएमडी म्हणून एक आहे, १० व्यायाम, १० माणसं. ती दहाही जणं निरोगी! चुकीचा व्यायाम कसा दिसतो ते त्यांनी मुद्दाम चुकीचं करून दाखवलंय. दुसरा इटलीतला किमोरे, २०१९ चा, त्यात ७८ जण, पैकी ३४ खरे पेशंट, स्ट्रोक, पार्किन्सन, कंबरदुखी असे, आणि डॉक्टरांनी दिलेले मार्कही आहेत. हा मला जास्त प्रामाणिक वाटतो. पण ३४ माणसांत किती प्रकारचं दुखणं मावणार? निरोगी माणूस लंगडायचं सोंग करतो आणि खरा पेशंट लंगडू नये म्हणून धडपडतो, या दोन हालचाली एकसारख्या कशा असतील.

अजून एक, वेळेचं. कुणी व्यायाम दोन सेकंदांत करतं कुणी पाच, मग नमुन्याशी तुलना कशी करायची? त्यासाठी डायनॅमिक टाइम वॉर्पिंग नावाची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. ती मुळात व्यायामासाठी नाहीच, बोललेले शब्द ओळखण्यासाठी निघाली, साकोए आणि चिबा या जपानी संशोधकांचा १९७८ चा त्यावरचा लेख प्रसिद्ध आहे. तुम्ही "नमस्कार" पटकन म्हणा नाहीतर "नऽमस्काऽर" असं लांबवा, शब्द एकच आहे हे कळण्यासाठी एक आलेख रबरासारखा ताणून दुसऱ्यावर बसवायचा. व्यायामात हे फार उपयोगी पडतं कारण म्हातारी माणसं हळू करतात म्हणून त्यांचे मार्क जात नाहीत.

उंबरठा
रविवार, रात्री ११.१५

थांबा, हे मला माहीत नव्हतं आणि यातच मोठी अडचण आहे. खुर्चीच्या व्यायामात उठण्यापेक्षा बसणं महत्त्वाचं असतं. मांडीच्या पुढच्या स्नायूने वजन तोलत, सावकाश खाली यायचं. ज्यांचा स्नायू अशक्त आहे ते शेवटचे चार इंच धपकन सोडून देतात. तुमच्या रबराने ते धपकन बसणं ताणून सावकाश केलं तर कोन बरोबर, मार्क बरोबर, आणि जे मला बघायचं होतं तेच पुसलं गेलं?

कोडवाला
सोमवार, सकाळी ८.२०

हो ताई. अगदी हेच होतं. रात्री यावर विचार करत होतो. माझ्या प्रोजेक्टमध्ये आम्ही एकाही फिजिओला विचारलं नव्हतं, कॉलेजातल्या मित्रांना उभं करून डेटा घेतला आणि बाहेरच्या परीक्षकांनी छान म्हणून मार्क दिले. आज तुमची ही एक ओळ तेव्हा मिळाली असती तर वेगाचा आलेख वेगळा काढला असता. करणं अवघड नाही, कंबरेचा बिंदू खाली येतानाचा वेग बघायचा, शेवटी एकदम वाढला तर धपकन. पण तो बघायचा असतो हे कुणीतरी सांगावं लागतं.

उंबरठा
सोमवार, दुपारी २.३०

निशिगंध, ॲप बंद करू नकोस असं माझं मत. तुझी आई त्याच्यामुळे रोज व्यायाम करतेय ही मोठी गोष्ट आहे, माझे अर्धे पेशंट घरी करतच नाहीत आणि मला विचारल्यावर "हो हो" म्हणतात. मोजणी त्याच्याकडे राहू दे. पण कॅमेऱ्याला वजन दिसत नाही. दोन्ही गुडघे सारखेच वाकलेत आणि भार मात्र एकावरच आहे असं होऊ शकतं, चित्रात काहीच फरक दिसत नाही. त्यासाठी जुना उपाय सांगते. दोन वजनकाटे घ्यायचे, शेजारी शेजारी ठेवायचे आणि एकेक पाय एकेका काट्यावर. काटा फिरणारे जुने घ्या, डिजिटलवाले आकडा पकडून ठेवतात, हलत नाहीत. दोन्ही एकाच उंचीचे हवेत, खाली फरशी हवी, सतरंजी नको, समोर धरायला टेबल हवं आणि पहिल्यांदा तुमच्या फिजिओ असतानाच करा. त्यांना आधी फोन करून विचार, त्यांनी गुडघा बघितलाय, मी नाही.

आणि व्यायामानंतर गुडघा गरम लागतो का, संध्याकाळी सूज वाढते का, रात्री ठणकतो का, हे वहीत लिहा. हेही कॅमेऱ्याला कळत नाही.

पेठकर
सोमवार, संध्याकाळी ७.००

एक राहिलंच, व्हिडिओ जातो कुठे हे बघा. घरातलं, अर्ध्या कपड्यातलं चित्रण असतं. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि ॲप चालवा. तरीही ठिपके दिसले आणि मोजणी झाली तर हिशोब फोनमध्येच होतोय. अडलं तर व्हिडिओ बाहेर पाठवल्याशिवाय ते चालत नाही असं धरून चाला आणि परवानग्या नीट वाचा. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, त्यात संमती काढून घ्यायची तरतूद आहे, पण एकदा गेलेला व्हिडिओ परत आणणं आपल्या हातात नसतं. बाबांचा लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम नेट नसताना चालायचा म्हणूनच मी ठेवला.

निशिगंध
बुधवार, रात्री ९.५०

फ्लाइट मोडवर चालतंय, हुश्श.

काल ताई आल्या होत्या. त्यांना हा सगळा धागा वाचायला दिला, उंबरठा ताई तुम्हाला नमस्कार सांगितलाय त्यांनी. गोनिओमीटरने वाकणं ९८, ॲप थ्री-फोर्थवर ९९. सरळ करताना मात्र ॲप पूर्ण सरळ म्हणतं आणि ताईंच्या पट्टीवर ४ अंश बाकी आहेत. म्हणून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा व्यायाम वाढवलाय, तो ॲपशिवाय.

वजनकाटे एक आमचा, एक खालच्या जोशीकाकूंचा. आईचं वजन ६२. उभी राहिली तर उजव्या काट्यावर ४०, डाव्यावर २२. आई बघतच राहिली. म्हणाली मला तर वाटतंय मी सरळ उभीये. मग ताईंनी तिला खाली न बघता आधी अंदाजाने दोन्हीकडे सारखं करायला सांगितलं आणि मग बघायला सांगितलं, पाच-सहा वेळा. सारखं केल्यावर आईला वाटत होतं आपण डावीकडे पडतोय!

पर्वतीवाट
बुधवार, रात्री १०.१०

हे वाचून अंगावर काटा आला. रोज लिहीत जा गं आकडे.

निशिगंध
तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११.००

उशीर झाला, मुलाची परीक्षा चालू होती.

आता उजवीकडे ३३, डावीकडे २९. ॲपचा आकडा डाव्या बाजूने ७८ आहे, पण आई तो हल्ली विचारत नाही, "काटा किती?" विचारते. कोडवाला यांनी मला वेगळा निरोप पाठवून खाली येतानाच्या वेगाचा छोटासा प्रोग्रॅम करून दिला, पहिल्या दिवशी दहापैकी सात वेळा धपकन होतं, काल दोन वेळा. दोन्ही वेळा शेवटच्या तीन फेऱ्यांत, म्हणजे दमल्यावर, म्हणून ताईंनी दहाच्या ऐवजी सहा-सहाचे दोन सेट करून दिलेत. पाय सरळ व्हायच्या ४ अंशांपैकी २ राहिलेत.

खुर्चीवर आत्तापर्यंत उशी ठेवत होतो, ती काल काढली, त्यामुळे दोन इंच खालून उठायचंय. काढल्यावर लगेच डावं पाऊल परत पुढे जायला लागलं, म्हणून फरशीवर खडूने दोन्ही पावलांचे आकार काढून ठेवलेत. मंगळवारी ताई बघतील, मग आकडे टाकते.